पुळण कोणाची?



एक साधा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. सुट्टीच्या दिवसांत एका कुटुंबाने समुद्रकाठी, वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला तंबू ठोकला आहे. मुलांचे शिंपले वेचून झाले आहेत, जेवणे उरकली आहेत, थोरली माणसे चटईवर पाय पसरून गप्पा मारीत बसली आहेत. इतक्यात टेकडीमागच्या वाटेने चार-पाच जीपगाड्या येतात. प्रखर दिवे, इंजिनांची घरघर आणि माथ्यावर आधी कोण चढतो याची शर्यत. तंबूतले गृहस्थ चिडून म्हणतात, "अहो, आम्ही शांततेसाठी एवढ्या लांब आलो. ही काय गाड्या पळवायची जागा आहे?" त्यावर गाडीवाला म्हणतो, "आणि ही काय तुमच्या घरची ओसरी आहे? किनारा सर्वांचा आहे."

हा प्रसंग अश्दोदच्या दक्षिणेस नित्सानीमच्या वाळूत घडू शकतो, अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात घडू शकतो, गोव्यातही घडू शकतो. भांडण बहुधा दहा मिनिटांत मिटते. ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होते. परंतु त्यात दडलेला प्रश्न मिटत नाही. जी जागा सर्वांची आहे तिच्यावर एकेकाचा हक्क किती? आणि आपल्या आनंदाचे मोल दुसऱ्या कोणाला भरावे लागत असेल, पण तो समोर उभा राहून तक्रार करू शकत नसेल, तर आपली जबाबदारी कोणती?

मी हे बाड हॉम्बुर्गहून लिहीत आहे. फ्रांकफुर्टच्या उत्तरेस, टाउनुस डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे औषधी झऱ्यांचे गाव. हिब्रू साहित्याच्या वाचकांना ते श. य. अग्नोन यांच्यामुळे ठाऊक असेल. १९२४ साली त्यांचे घर, ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखिते आगीत नष्ट झाली ती येथेच. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही वाळूची टेकडी मात्र जवळ आहे, हे ऐकून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना नवल वाटते. फ्रांकफुर्टच्या श्वानहाइम भागात ती आहे. हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, माइन नदीच्या पात्रातील वाळू वाऱ्याने उडवून तेथे रचली. १९८४ साली या जागेला राखीव निसर्गक्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले. सारे क्षेत्र ६० हेक्टरांहूनही कमी; जवळच रासायनिक कारखाने, डोक्यावरून विजेच्या तारा. मधून लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. फळीवरून चालावयाचे, वाळूत पाय ठेवावयाचा नाही.

रेवदंड्याला बालपण काढलेल्या एक आजीबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना तेथे नेले तेव्हा त्यांनी विचारले, "वाळूवर चालू द्यायचे नाही, तर मग वाळू ठेवली कशाला?" आम्ही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याला उत्तर द्यावयाचे तर आधी वाळूची टेकडी म्हणजे काय हे समजून घ्यावे लागेल.

आपल्या कोकणात भरतीची रेघ जेथे संपते तिच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची एक वेल पसरलेली असते. तिला मर्यादवेल म्हणतात, आणि नाव अगदी सार्थ आहे. वारा वाळूचे कण घेऊन येतो, वेलीच्या पानादेठांशी त्याचा जोर मोडतो आणि कण खाली बसतात. वेल त्यात पुरली जात नाही. ती वाळूतून वर येते आणि पुन्हा मुळे धरते. असे वर्षानुवर्षे चालले की टेकडी उभी राहते. पावसाळ्यात दर्या खवळतो तेव्हा लाटा या टेकडीचा पायथा खातात. तीच वाळू पुढे पुळणीवर पसरते आणि लाटांचा जोर ओसरतो. पुढे उघाडीत लाटा वाळू परत किनाऱ्यावर टाकतात आणि वारा ती मागे नेऊन ठेवतो. अडचणीच्या वेळी काढावी आणि हात सैल झाला की पुन्हा भरावी, अशी ही गावाची ठेव आहे. मागची नारळी-पोफळीची वाडी आणि गोड्या पाण्याची विहीर तिच्याच आडोशाने टिकून असतात.

गाडीचे चाक वेलीवरून गेले की देठ तुटतात. पहिल्या गाडीने फारसे बिघडत नाही. पण दुसरी गाडी तोच माग धरते, तिसरीही तोच धरते. उघडी पडलेली वाळू वारा उपसून नेतो, तेथे खाच पडते, खाच रुंदावत जाते, आणि एखाद्या वादळी भरतीला पाणी नेमके तेथूनच आत शिरते.

वाळूत राहणाऱ्या जीवांचे तर विचारूच नका. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या माद्या रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवून निघून जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि समुद्राच्या दिशेने निघतात. पिल्लू तळहातावर सहज मावेल एवढे. चाकाच्या खोल चाकोरीत ते पडले तर तिची भिंत त्याला चढवत नाही; चाकोरीतून चालत राहते, दमते, सकाळी कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जाते. शिवाय पिल्ले उजेडाकडे धावतात. समुद्रावरचा मंद उजेड त्यांना वाट दाखवतो. गाडीचा दिवा ती वाट चुकवतो. आणि तंबूतला कंदीलही चुकवतो, हे तंबूवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

माझा एक भाचा अश्दोदला असतो. चारही चाकांना जोर असलेली गाडी, गाडीएवढेच जीव लावणारे मित्र, आणि सुट्टी मिळाली की वाळूत जायचे वेड. मुलगा अतिशय सज्जन. कोणाच्या अडीअडचणीला सर्वांत आधी तोच धावतो. त्याच्याशी या विषयावर बोलणे झाले तेव्हा त्याने मांडलेले मुद्दे उडवून लावण्यासारखे नव्हते. म्हणून ते येथे एकेक करून घेते.

त्याचा पहिला मुद्दा असा. "मावशी, वाळूवर कसली खूण राहते? रात्री वारा सुटला की सकाळी पाटी कोरी." दिसायला हे खरे आहे. शेजाऱ्याचे कुंपण मोडले तर मोडलेले कुंपण दुसऱ्या दिवशी सर्वांना दिसते आणि आपल्याला लाज वाटते. वाळूत तसे होत नाही. चाकाचा माग पुसला जातो, तुटलेली वेल आणि चिरडलेले अंडे मात्र पूर्ववत होत नाही. वारा आपला पुरावा पुसतो एवढेच. आता, पुरावा नाही म्हणून कृत्य निर्दोष ठरते काय? आपण घरात मुलांना असे कधीच शिकवलेले नाही.

दुसरा मुद्दा: "एका माझ्या गाडीने असे काय होणार?" हा प्रश्न फार जुना आहे, आणि योगायोग असा की त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप वाळूचेच आहे. प्राचीन ग्रीसमधील युबुलिडीस नावाच्या तत्त्वज्ञाच्या नावावर ढिगाचे कोडे सांगितले जाते. वाळूच्या ढिगातून एक कण काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग कोणता कण काढला असता ढीग संपतो? असा एक कण दाखवता येत नाही, आणि तरीही कण काढीत गेले तर एके दिवशी ढीग उरत नाही. प्रत्येक गाडीवाला म्हणतो, माझ्यामुळे नाही. आणि प्रत्येकाचे म्हणणे सुटे घेतले तर खरे असते. म्हणूनच अशा ठिकाणी "मी एकटा" असा हिशेब करून भागत नाही. माझ्यासारख्या सर्वांनी हेच केले तर काय उरेल, असा हिशेब मांडावा लागतो.

तिसरा मुद्दा जास्त बोचणारा होता. "तुम्ही मला वाळू सांभाळायला सांगता, पण अश्दोद शहर कशावर उभे आहे? तेल अवीव कशावर उभे आहे?" खरेच आहे. १९०९ साली तेल अवीवच्या पहिल्या रहिवाशांनी शिंपल्यांच्या चिठ्ठ्या टाकून जमिनीचे वाटप केले, ते वाळूच्या टेकड्यांवर उभे राहूनच. अश्दोदची वसाहत १९५६ साली सुरू झाली तीही वाळूत. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचे नव्या देशातील पहिले घर त्या वाळूवर झाले. इमारतीखाली गेलेली टेकडी तर कायमचीच गेली. जीपगाडीने एवढे नुकसान खचित होत नाही.

यावर माझे उत्तर असे. डोक्यावर छप्पर हवे म्हणून केलेली गोष्ट आणि करमणुकीसाठी केलेली गोष्ट एका तराजूत घालता येत नाहीत. दुसरे, त्या काळी दृष्टी पोहोचेल तेथवर वाळू होती. आज नित्सानीमला उरलेला राखीव भाग सुमारे २० चौरस किलोमीटरचा आहे. भरल्या रांजणातून पेलाभर पाणी घेणे आणि तळाशी राहिलेले पेलाभर पाणी घेणे यांत हाताची हालचाल तीच असते. पण दुसऱ्या वेळी घरातल्या इतरांना विचारावे लागते. आणि ज्यांनी आधी भरपूर घेतले, त्यांनी तर जास्तच विचारून घ्यावे. उरलेली वाळू इमारतींखाली घालणाऱ्यांनाही हाच न्याय लागू आहे, हे भाच्याचे म्हणणे मला मान्य आहे. जीपगाडीला दंड आणि बंगल्याला परवाना, असा दुटप्पी व्यवहार असेल तर तरुणांना राग येणारच.

चौथा मुद्दा त्याने आपल्या आजीच्या नावाने मांडला. "आजीचे गुडघे दुखतात. तिला वाळूतून चालवत नाही. मी गाडी थेट पाण्यापर्यंत नेतो म्हणून तिला समुद्र दिसतो. चालणाऱ्यांचाच समुद्र असतो काय?" या मुद्द्यापुढे मी बराच वेळ गप्प होते. तरण्या पायांच्या माणसांनी म्हाताऱ्यांना निसर्गप्रेम शिकवणे सोपे असते. परंतु या अडचणीचा उपाय श्वानहाइमच्या फळ्यांतच आहे. एक ठरलेली वाट, तिच्यावरून सर्वांनी जावे, आणि ज्याला चालवत नाही त्याची खुर्चीही तिच्यावरून जावी अशी ती बांधावी. खर्च सर्वांनी मिळून करावा. आजीबाईंनी श्वानहाइमला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही हेच. वाट ठरलेली आहे म्हणून वाळू उरली आहे, आणि वाळू उरली म्हणून तेथे जाण्यात अर्थ आहे.

आता एक मुद्दा भाच्याला सुचला नव्हता, तो मीच मांडते. कारण प्रामाणिक वादात दुसऱ्या पक्षाचे बळही सांगावे. "हात लावू नका" एवढ्यानेच वाळू जगते असे नाही. माइन्झ शहराजवळ वाळूचा एक माळ आहे. तो दीर्घकाळ लष्कराच्या सरावाची जागा होता; त्यामुळे तेथे घरे उठली नाहीत, जमीन उघडी राहिली आणि दुर्मिळ वनस्पती टिकल्या. नित्सानीमला उलटे घडले. पूर्वी तेथे शेळ्यामेंढ्या चरत, सरपण तोडले जाई. ते थांबले तशी झुडपे माजली, वाळू जागच्या जागी बांधली गेली, आणि मोकळ्या हलत्या वाळूत राहणारे प्राणी कमी होऊ लागले. अभ्यासकांनी काही टेकड्यांवरची झुडपे मुद्दाम काढून पाहिली. मग कोणी म्हणेल, आमची चाके तरी दुसरे काय करतात?

येथे मला या सर्व प्रश्नाचे मर्म दिसते. शेळ्या चारणारा धनगर त्याच वाळूवर उद्या परत येणार असतो. आज जास्त चारले तर उद्या त्याचीच जनावरे उपाशी राहतात. झुडपे काढणारा अभ्यासक पुढच्या वर्षी येऊन काय झाले ते मोजतो, चुकले तर थांबतो. शर्यतीची गाडी मात्र रात्री येते आणि पहाटे जाते. तिच्यामागे काय झाले हे चालवणाऱ्याला कधी पाहावे लागत नाही. वाळू हलवावी की न हलवावी याचे उत्तर जागेजागेला वेगळे असेल. पण ज्याला परिणामांपाशी थांबावयाचे नाही त्याने ते ठरवू नये, हे सर्वत्र खरे आहे. ठरवण्याचा अधिकार आणि निस्तरण्याची जबाबदारी एकाच हातात असावी.

निरनिराळ्या देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवलेला दिसतो. स्वीडनमध्ये परक्या माणसालाही रानात एखादी रात्र तंबू ठोकता येतो, तो तेथील जुना रिवाजच आहे. परंतु १९७५ च्या कायद्याने रस्ता सोडून उघड्या जमिनीवर मोटारगाडी घालण्यास मनाई केली. जर्मनीत मोकळ्या रानात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना आहे. तंबू आणि मोटार त्या हक्कात बसत नाहीत. इस्रायलमध्ये १९९७ साली समुद्रकिनाऱ्यावर वाहन चालवण्यास मनाई करणारा कायदा झाला. भारतात १९९१ च्या किनारा नियमनाच्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास बंदी घातली, आणि किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्या पर्यटकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या कोकणातून व गोव्यातून येत असतात. दक्षिण आफ्रिकेने २००१ च्या अखेरीस नियम करून किनारे करमणुकीच्या गाड्यांना बंद केले. उघड्या वाळूवर अंडी घालणाऱ्या तेथील काळ्या, लाल चोचीच्या पक्ष्याला त्याचा फायदा झाला.

पण नुसत्या कायद्याने काम भागत नाही, हे आपण जाणतो. रात्री दोन वाजता पुळणीवर शिपाई कोठून असणार? म्हणून आता थोडे आपल्याविषयी लिहिते.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, मेलेल्यांना तेथेच माती दिली, असे आपण परंपरेने सांगत आलो आहोत. त्या किनाऱ्याने आपल्याला आसरा दिला. गावांची नावे आपण आडनावे म्हणून लावली. नवगावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर, अशी ही नावे अश्दोदच्या आणि लोदच्या दारांवरच्या पाट्यांवर आजही वाचायला मिळतात. आता आपली मुले-नातवंडे विमानाने मुंबईला उतरतात, भाड्याची गाडी करतात, दोन दिवस अलिबागच्या बाजूला राहतात आणि म्हणतात, "हे आमचे गाव." म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. परंतु पावसाळ्यात भरतीचे पाणी वाडीत शिरते तेव्हा तेथे आपण नसतो. विहीर मचूळ झाली तर हंडा घेऊन लांब जाणारी बाई आपल्या घरची नसते. ज्याला पावसाळा तेथे काढावयाचा नाही तो पाहुणा, मग त्याचे आडनाव काहीही असो.

पाहुण्याने कसे वागावे हे कोकणानेच आपल्याला शिकवले आहे. अंगणात शिरण्यापूर्वी हाक मारावी, चपला बाहेर काढाव्यात, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय झाडाचा आंबा तोडू नये. वेळासचे उदाहरण पाहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. पुढे गावकऱ्यांनी पाहुण्यांची सोय आपल्या घरांतच केली. पाहुणा गावात उतरतो, घरचे जेवण जेवतो, पहाटे पायी पुळणीवर जातो, दोरीच्या अलीकडे उभा राहून पिल्ले समुद्रात जाताना पाहतो. पैसा गावात राहतो आणि वाळूची राखण तेथे राहणारेच करतात. कोणाचा आनंद कमी झालेला दिसत नाही.

आणि जे गाडीवाल्यांच्या नावाने बोटे मोडतात त्या तंबूवाल्यांनाही दोन शब्द. आपला आवाज लहान म्हणून आपण निर्दोष, असे समजू नये. टेकडीच्या माथ्यावर ठोकलेला तंबू, वेली उपटून केलेली सपाट जागा, विझवून वाळूत पुरलेले निखारे, रात्रभर पेटता ठेवलेला दिवा, सकाळी मागे राहिलेल्या पिशव्या, हे सर्व त्याच ढिगातले कण आहेत. तंबूवाल्याला शांतता हवी असते. ती त्याने आपल्या मागे शेजारच्या जीवांनाही ठेवावी.

माझ्या भाच्याने गाडी विकलेली नाही, आणि विकावी असे मी म्हटलेलेही नाही. ठरलेल्या वाटांवर, परवानगी असेल तेथे, ती त्याने जरूर चालवावी. त्याच्या मुलांना गाडीइतकाच वाळूचा लळा लागावा एवढीच माझी इच्छा आहे, म्हणजे पुढचे बोलणे ती आपसात करतील. या हिवाळ्यात ज्यांचे कोकणात जाणे होईल त्यांनी गाडी सुरूच्या बनाबाहेर, रस्त्यालगत उभी करावी. तेथून पुळण पाच-दहा मिनिटांची वाट असते. वाटेत कोणी गावकरी भेटला तर त्याला विचारावे, यंदा पाणी कोठवर आले होते. तो थांबून सांगेल.